जर्मन आणि ब्रिटिश बिअर : परदेशी राहणाऱ्यांसाठी ओळख, शोध आणि तुलना

गोव्यातून ब्रिटनमध्ये गेलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. त्या आधारे अनेक गोमंतकीय स्विंडन, साउथॉल यांसारख्या शहरांत स्थायिक झाले. दुसरीकडे, जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे. त्यामुळे एकाच घरातील एक भाऊ इंग्लंडात नोकरीला आणि धाकटी बहीण जर्मनीत शिकायला, असे चित्र आता नवलाचे राहिलेले नाही. दोन्ही देशांत बिअर हा सामाजिक जीवनाचा भाग आहे. कामावरच्या सहकाऱ्यांशी ओळख वाढते ती बहुधा पबमध्ये किंवा बिअरगार्टनमध्ये. मात्र थंडगार, फिकट आणि फेसाळ लागर म्हणजेच बिअर, अशी सवय घेऊन गेलेल्या माणसाला ब्रिटनमधला पहिला पेला कोमट आणि पाणचट वाटतो, तर जर्मनीत सगळ्या बाटल्या सारख्याच भासतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यांचे निरसन होण्यासाठी या पेयांची घडण, त्यांचे प्रकार आणि ती मिळण्याची ठिकाणे यांची माहिती उपयोगी पडते.

मूळ फरक यीस्टचा

बिअरचे घटक दोन्ही देशांत तेच : पाणी, मोड आणून वाळवलेले किंवा भाजलेले जव म्हणजे माल्ट, हॉप्स या वेलीची कडवट फुले आणि यीस्ट. फरक पडतो तो यीस्टच्या जातीने आणि आंबवण्याच्या तापमानाने. ब्रिटिश एल साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, वर तरंगणाऱ्या यीस्टने लवकर आंबते. या उबेमुळे तिच्यात फळांसारखा गंध उतरतो. जर्मन लागर साधारण ७ ते १३ अंशांत, तळाशी बसणाऱ्या यीस्टने सावकाश आंबते आणि नंतर कित्येक आठवडे थंडीत मुरते. ‘लागर’ हा शब्दच साठवण्याच्या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आला आहे. म्हणूनच लागरची चव स्वच्छ व नेमकी असते आणि माल्ट किंवा हॉप्स यांच्या दर्जातील उणीव तिच्यात लपत नाही.

पाण्याचाही वाटा मोठा. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील पाण्यात जिप्सम विपुल आहे. त्याने हॉप्सचा कडवटपणा धारदार होतो, म्हणून ते गाव पेल एलचे माहेरघर बनले. बोहेमियातील पिल्झेनचे पाणी अतिशय मृदू, म्हणून तेथे फिकट सोनेरी लागर साधली. म्युनिकचे पाणी गडद माल्टला मानवणारे, म्हणून तेथे प्रदीर्घ काळ गडद ‘डुंकेल’चे राज्य राहिले. हॉप्सचेही तसेच. बव्हेरियातील हालरटाऊ हा हॉप्स लागवडीचा जगातील सर्वांत मोठा सलग पट्टा असून तेथील जातींचा गंध फुलांसारखा व सौम्य मसालेदार असतो. इंग्लंडातील केंटच्या गोल्डिंग्ज आणि फगल या जातींना मातीचा व पालापाचोळ्याचा वास येतो.

एकमेकांच्या उसनवारीचा इतिहास

जर्मन बिअर आणि ब्रिटिश बिअर हे दोन स्वतंत्र प्रवाह आहेत, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. १८३३ साली म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचे गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचे आंटोन ड्रेहर हे दोन तरुण ब्रिटनमधील ब्रुअरी पाहण्यासाठी गेले. त्या काळी यंत्रे, तापमापक आणि द्रवातील साखर मोजण्याची साधने या बाबतीत ब्रिटिश कारखाने पुढारलेले होते. यजमानांच्या नकळत पोकळ काठीत आंबणाऱ्या द्रवाचे नमुने भरून घेऊन या दोघांनी मुक्कामावर त्यांची तपासणी केली. आजच्या भाषेत ही औद्योगिक हेरगिरीच. मायदेशी परतल्यावर त्यांनी माल्ट वाळवण्याच्या पद्धती सुधारल्या. १८४२ साली बव्हेरियन ब्रुअर योजेफ ग्रोल यांनी पिल्झेन येथे पहिली सोनेरी पिल्सनर बनवली. तिच्यासाठी लागणारे फिकट माल्टही इंग्लिश धर्तीच्या भट्टीमुळेच शक्य झाले. जगभर ‘जर्मन पद्धतीची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरच्या मुळाशी इंग्लंडची भट्टी आणि बोहेमियाचे पाणी आहे.

उलट दिशेचे ऋणही आहे. इंग्लंडातील जुनी ‘एल’ हॉप्सविना बनत असे. हॉप्स घातलेली ‘बिअर’ पंधराव्या शतकात युरोपच्या मुख्य भूमीवरून तेथे पोहोचली आणि हळूहळू जुन्या पेयाची जागा तिने घेतली. आज दोन्ही शब्दांतील तो भेद पुसला गेला आहे.

भारताचा संबंध येतो तो ‘इंडिया पेल एल’ अर्थात आयपीएमध्ये. लंडनच्या बो भागातील हॉजसन यांची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ होती. तेथून कंपनीच्या जहाजांमार्फत पेल एल मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येऊ लागली. १८२२ नंतर बर्टनचे ऑलसॉप आणि पुढे बास हे उत्पादक या व्यापारात उतरले. ही बिअर प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मेजावर जात असे. सैनिकांसाठी काळपट पोर्टर मोठ्या प्रमाणात पाठवली जाई. नाव भारताचे असले तरी ही बिअर अस्सल इंग्लिश. पुढे बासच्या लाल त्रिकोणाला १८७६ साली ब्रिटनमधील पहिल्या क्रमांकाचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह होण्याचा मान मिळाला.

जर्मनीत काय शोधावे

जर्मनीत सुमारे दीड हजार ब्रुअरी आहेत आणि त्यांतील बहुतेकांची बिअर आपल्या पंचक्रोशीबाहेर फारशी जात नाही. म्हणून देशभर जाहिरात होणाऱ्या चार-पाच नावांवरून जर्मन बिअरविषयी मत बनवणे म्हणजे फक्त विमानतळ पाहून गोव्याविषयी मत बनवण्यासारखे आहे. राहत्या गावाच्या ब्रुअरीचे नाव विचारून घेणे, ही पहिली पायरी.

उत्तर आणि पश्चिम जर्मनीत कडवट, कोरडी पिल्स चालते. बव्हेरियात माल्टचा गोडवा असलेली ‘हेलेस’ रोजची. श्पाटेनने ती १८९४ मध्ये बाजारात आणली. ‘वाइसबिअर’मध्ये निम्म्याहून अधिक माल्ट गव्हाचे असते आणि तिच्या यीस्टमुळे केळी व लवंग यांचा गंध येतो. त्यासाठी केळे किंवा लवंग घातलेली नसते. कोलोनची ‘क्योल्श’ दिसायला लागरसारखी फिकट, पण आंबते एलच्या यीस्टने. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तसे क्योल्शला युरोपीय संघाचे संरक्षण १९९७ पासून आहे. कोलोन व परिसराबाहेर बनलेल्या बिअरला ते नाव लावता येत नाही. शेजारच्या ड्युसेलडॉर्फची तांबूस ‘आल्टबिअर’ हीसुद्धा एलच्याच कुळातील. बाम्बर्गची ‘राउखबिअर’ बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची असते. पहिला घोट सुकवलेल्या, धुरकट मासळीची आठवण करून देतो. लाइपझिगच्या ‘गोझे’त मीठ आणि धणे असतात, तर बर्लिनच्या आंबट ‘वाइसे’त रास्पबेरीचे सरबत घालण्याची प्रथा आहे. ‘बॉक’ आणि ‘डॉपेलबॉक’ या तीव्र व माल्टप्रधान. डॉपेलबॉकची नावे बहुधा ‘-आटोर’ने संपतात, ही ओळखण्याची खूण.

बाटल्या घेण्याची जागा म्हणजे ‘गेट्रेंकेमार्क्ट’, अर्थात पेयांचे घाऊकवजा दुकान. तेथे अर्ध्या लिटरच्या २० बाटल्यांचा क्रेट मिळतो. प्रत्येक बाटलीवर ‘फांड’ म्हणजे अनामत आकारली जाते : साध्या बाटलीला ८ सेंट, खटक्याच्या झाकणाच्या बाटलीला १५ सेंट आणि डब्याला २५ सेंट. रिकाम्या बाटल्या यंत्रात परत केल्या की ही रक्कम मिळते. विद्यार्थ्याने पैसे जपायचे तर बाटली फेकू नये. रविवारी दुकाने बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.

१५१६ साली बव्हेरियात जारी झालेल्या शुद्धतेच्या नियमाचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक लेबलवर दिसतो. मूळ हुकमात पाणी, जव आणि हॉप्स एवढेच घटक होते, यीस्टचे नाव नव्हते. तो संपूर्ण जर्मन साम्राज्याला लागू झाला १९०६ मध्ये. या नियमाच्या आधारे परदेशी बिअर रोखणे बेकायदेशीर असल्याचा निकाल युरोपीय न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. हा नियम घटकांची हमी देतो, चवीची नव्हे.

ब्रिटनमध्ये काय शोधावे

ब्रिटनने जगाला दिलेली खरी वेगळी चीज म्हणजे ‘कास्क एल’. ही बिअर गाळून, निर्जंतुक करून पाठवली जात नाही. जिवंत यीस्टसह पिंपात भरली जाते आणि तिचे शेवटचे आंबणे पबच्या तळघरात होते. पिंपातून ती बाहेरच्या वायूच्या दाबाने नव्हे, तर हातपंपाने वर ओढली जाते. योग्य तापमान ११ ते १३ अंश, म्हणजे तळघराइतके गार. ‘कोमट इंग्लिश बिअर’ ही दंतकथा येथूनच जन्मली. बर्फगार दिली तर तिचा निम्मा गंध दबून जाईल. पिंप उघडल्यावर साधारण तीन दिवसांत ते संपायला हवे, नाहीतर बिअर आंबट पडते. नेहमीच्या ‘फर्किन’ पिंपात ९ गॅलन म्हणजे ७२ पाइंट मावतात. याचा अर्थ, कास्क एलचा दर्जा ब्रुअरीइतकाच पबच्या मालकावर आणि त्याच्या गिऱ्हाइकावर अवलंबून असतो. रिकाम्या पबमधील पहिल्या वाईट पेल्यावरून संपूर्ण प्रकाराला नाव ठेवणे अन्यायाचे आहे.

ही परंपरा १९६०च्या दशकात मोठ्या कंपन्यांच्या दाबयुक्त पिंपांपुढे नामशेष होण्याच्या बेतात होती. १९७१ मध्ये चार मित्रांनी ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ सुरू केली. तिच्या ‘गुड बिअर गाइड’ची पहिली छापील आवृत्ती १९७४ मध्ये निघाली. नव्या गावात चांगला पब शोधण्यासाठी आजही हे पुस्तक पहिले साधन आहे. पबच्या दारावरील ‘कास्क मार्क’चे बोधचिन्हही उपयोगी, कारण त्यासाठी तळघराची व बिअरची तपासणी होते. पब एखाद्या ब्रुअरीच्या किंवा कंपनीच्या मालकीचा असेल तर तेथे मोजकीच बिअर मिळते. ‘फ्री हाउस’ अशी पाटी असेल तर निवड मालकाची.

प्रकार मोजके पण सूक्ष्म आहेत. ‘बिटर’ ही रोजची तांबूस एल, साडेतीन ते चार टक्के अल्कोहोलची. ‘बेस्ट बिटर’ तिच्याहून किंचित जड. ‘माइल्ड’ गडद, मऊ आणि सौम्य. मिडलंड्सच्या कामगार वस्त्यांचे हे पेय आता दुर्मीळ झाले आहे. ‘पोर्टर’ अठराव्या शतकातील लंडनची, भाजलेल्या माल्टची, आणि ‘स्टाउट’ तिचीच वंशज. ‘गोल्डन एल’ हा अलीकडचा, लागर पिणाऱ्याला एलकडे आणणारा प्रकार. गोव्यातून गेलेल्याने सुरुवात गोल्डन एलने करावी, मग बिटर आणि त्यानंतर पोर्टर, हा क्रम जिभेला मानवतो. बहुतेक पबमध्ये कास्क एलचा घोटभर नमुना विनामूल्य चाखू देतात. तो मागण्यात कोणताही संकोच नसावा.

शाकाहाऱ्यांनी एक बाब लक्षात ठेवायला हवी. कास्क एल नितळ दिसावी म्हणून तिच्यात पूर्वापार ‘आयझिंग्लास’ घातले जाते. ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून मिळते. ते गाळासोबत तळाशी बसते, तरीही व्रत पाळणाऱ्याला हे ठाऊक असणे आवश्यक आहे. ‘अनफाइन्ड’ किंवा ‘व्हेगन’ अशी खूण असलेली एल त्याविना बनते. जर्मन बिअरमध्ये असा पदार्थ सहसा वापरला जात नाही.

आठवण आली तर : एका देशात दुसऱ्याची बिअर

जर्मनीहून ब्रिटनमध्ये बदली झालेल्याची अडचण तुलनेने लहान. वाइसबिअर, हेलेस आणि पिल्सच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या तेथील मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळतात आणि मूळच्या जर्मन असलेल्या स्वस्त दुकानसाखळ्यांत जर्मन बिअर हमखास असते. मात्र लेबलवरची बारीक अक्षरे वाचावीत. जर्मन वाटणारे नाव, गॉथिक वळणाची अक्षरे आणि आत परवाना घेऊन ब्रिटनमध्येच बनवलेली लागर, असे प्रकार सर्रास आहेत. बिअर कोठे बनवली हे पाहिले की शंका फिटते.

उलट प्रवास कठीण. कास्क एल जिवंत असल्याने दूरचा प्रवास तिला सोसत नाही. जर्मनीतील ‘इंग्लिश’ किंवा ‘आयरिश’ पबमध्ये बहुधा दाबयुक्त पिंपातील, जास्त थंड केलेली आवृत्ती मिळते. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे ‘बॉटल कंडिशन्ड’ अशी नोंद असलेली, बाटलीतच यीस्ट असलेली एल. मोठ्या शहरांतील खास बिअरच्या दुकानांत ती सापडते. तीही न मिळाल्यास ड्युसेलडॉर्फची आल्टबिअर फ्रीजमधून काढून पंधरा मिनिटे बाहेर ठेवावी. बिटरची सर पूर्ण येत नाही, पण नाते ओळखू येते.

सामानातून न्यायची असेल तर मर्यादा पाहाव्यात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून ब्रिटनमध्ये येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला ४२ लिटर, तर ब्रिटनमधून जर्मनीत जाणाऱ्याला १६ लिटर बिअर करमुक्त नेता येते. भारतात येताना सर्व प्रकारचे मद्य मिळून २ लिटरची सवलत आहे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या जेमतेम चार बाटल्या.

तुलना न्याय्य कशी होईल

तुलनेतील सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन वेगळ्या हेतूंच्या बिअर समोरासमोर ठेवणे. हेलेस आणि बिटर यांची तुलना म्हणजे उर्राक आणि फेणीची तुलना. जोड्या अशा लावाव्यात : क्योल्शसमोर गोल्डन एल, आल्टबिअरसमोर बेस्ट बिटर, काळ्या ‘श्वार्त्सबिअर’समोर पोर्टर आणि डॉपेलबॉकसमोर इंग्लिश ‘बार्ली वाइन’. वाइसबिअरला ब्रिटनमध्ये आणि माइल्डला जर्मनीत खरी जोड नाही. त्या स्वतंत्रपणेच चाखाव्यात.

तापमान आपापले असावे : पिल्स व हेलेस ६ ते ८ अंश, एल ११ ते १३. सौम्यापासून तीव्राकडे जावे आणि मध्ये पाणी प्यावे. बाटलीच्या तळाचा गाळ ही परीक्षेचीच गोष्ट. वाइसबिअरमध्ये शेवटचा भाग हलवून यीस्टसह पेल्यात ओततात, तर इंग्लिश बाटलीतील यीस्ट तळाशीच राहू देतात. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला प्रकाश लागून कुबट वास येऊ शकतो. तपकिरी बाटली अधिक सुरक्षित. लागर ताजीच चांगली, म्हणून दूरच्या देशात वर्षभर फळीवर राहिलेल्या बाटलीवरून मूळ बिअरला दोष देऊ नये.

मापाचाही घोळ होतो. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा आणि पेला काठोकाठ भरण्याची अपेक्षा असते. जर्मन पेल्यावर मापाची रेघ असते, फेस तिच्या वर. म्हणून जर्मन पेल्यातील चार बोटे फेस ही फसवणूक नव्हे. किमतीतील तफावतीचे एक मोठे कारण कर आहे. पाच टक्क्यांच्या बिअरवर जर्मनीत लिटरमागे सुमारे ९ सेंट, तर ब्रिटनमध्ये सुमारे एक पौंड उत्पादन शुल्क पडते.

रीतिरिवाज आणि कायदा

ब्रिटिश पबमध्ये बारपाशी जाऊन मागायचे आणि तेथेच पैसे द्यायचे. टेबलापाशी वाट पाहत बसल्यास कोणी विचारायला येईलच असे नाही. मित्रांत आळीपाळीने सर्वांसाठी ‘राउंड’ घेण्याची रीत आहे. न पिणाऱ्याने सरबत घेतले तरी चालते, पण आपली पाळी चुकवणे बरे दिसत नाही. कोलोनमध्ये ‘क्योबेस’ म्हणजे वाढपी २०० मिलिलिटरचे पेले न मागता आणत राहतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर रेघा मारतो. पुरे झाले की ती चकती पेल्यावर ठेवायची. बव्हेरियाच्या पारंपरिक बिअरगार्टनमध्ये घरचा डबा नेता येतो, पेय मात्र तेथलेच घ्यावे लागते. ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेले टेबल नेहमीच्या मंडळींसाठी राखीव असते. आपल्याकडील गावच्या तावेर्नमध्ये ठरावीक बाकावर ठरावीक माणसे बसतात, तसेच.

ब्रिटनमध्ये मद्य विकत घेण्याचे वय १८, तर जर्मनीत बिअर व वाइनसाठी १६ आहे. वाहन चालवताना रक्तातील अल्कोहोलची मर्यादा इंग्लंड व वेल्समध्ये १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम, स्कॉटलंडमध्ये ५० मिलिग्रॅम आणि जर्मनीत ०.५ प्रति हजार. जर्मनीत परवान्याच्या पहिल्या दोन वर्षांत आणि वयाच्या २१ वर्षांपर्यंत ही मर्यादा शून्य आहे. सायकलस्वारही सुटत नाही : १.६ प्रति हजारांपुढे सायकल चालवणे हा गुन्हा ठरतो. परक्या देशात व्हिसावर राहणाऱ्याला अशी एक नोंदही महाग पडू शकते.

ब्रिटिश आरोग्य यंत्रणेचा सल्ला आठवड्याला १४ युनिटपेक्षा अधिक न घेण्याचा आहे. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. चार टक्क्यांच्या पाइंटमध्ये सुमारे २.३, पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर हेलेसमध्ये २.५ आणि म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमधील सहा टक्क्यांच्या लिटरभर ‘मास’मध्ये ६ युनिट असतात. बिटरची सौम्यता हा तिचा दोष नसून गुण आहे. संध्याकाळभर गप्पा चालाव्यात आणि माणूस शुद्धीवर घरी जावा, यासाठीच ती घडली. न पिणाऱ्यांसाठी जर्मनीत ‘आल्कोहोलफ्राय’ बिअर जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळते. तिच्यात ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकते, हे कडक पथ्य पाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

कोणत्या देशाची बिअर श्रेष्ठ, या प्रश्नाचे उत्तर शेवटी जिथे राहायचे त्या गावाने द्यायचे असते. म्युनिकमध्ये राहून बिटरसाठी झुरण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या ब्रुअरीची हेलेस समजून घ्यावी आणि स्विंडनमध्ये बर्फगार लागर मागण्याआधी बारवरील हातपंपांकडे एकदा पाहावे. परक्या गावात ओळखीचा चेहरा भेटण्याची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते.